जाम ते सीताबर्डी : गाडी कोणाची, तूट कोणाची?

नागपूरहून हैदराबादकडे निघालेल्या राष्ट्रीय महामार्ग ४४ ला वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, जाम या गावी फाटा फुटतो. एक रस्ता हिंगणघाट, वडनेर, पांढरकवडा करत तेलंगणात उतरतो, दुसरा वरोरा आणि भद्रावतीवरून चंद्रपूर गाठतो. उत्तरेला नागपूर साठ-पासष्ट किलोमीटरवर. गावाला रेल्वे नाही. गाडी धरायची तर हिंगणघाटला जायचं, नाहीतर रस्त्यावर बसची वाट पाहायची. म्हणून जामचा चौरस्ता हेच इथलं स्टेशन. कॉलेजची पोरं, दवाखान्याच्या कामाला निघालेले म्हातारे, बुटीबोरीच्या कारखान्यात पाळी असलेले कामगार, गिरडच्या दर्ग्याला जाणारे भाविक, कोर्टकचेरीची माणसं असे सगळे याच चौकात उभे राहतात.

शहरातल्या सार्वजनिक वाहतुकीत खासगी पैसा असावा की नसावा, यावर मुंबई-पुण्यात परिसंवाद झडतात. जामच्या चौकात मात्र हा प्रश्न रोज सकाळी प्रत्यक्ष उभा असतो. समोर तीन गाड्या येतात. पहिली एसटीची. दुसरी खासगी ट्रॅव्हल्सची, चंद्रपूर-नागपूर धावणारी. तिसरी जीप किंवा काळी-पिवळी. पहिली सरकारी महामंडळाची, दुसरी व्यापाऱ्याची, तिसरी तर बहुधा चालवणाऱ्याच्या घरचीच. रस्ता तोच, प्रवासी तेच, पण प्रत्येकीचा कायदा वेगळा आणि हिशेब वेगळा.

एसटीकडे टप्पा वाहतुकीचा परवाना आहे. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या थांब्यांवर प्रवासी चढवायचे-उतरवायचे आणि अंतराप्रमाणे तिकीट घ्यायचं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रॅव्हल्सची गाडी यात बसत नाही. तिचा परवाना करारावरच्या वाहतुकीचा. ठरलेले प्रवासी इथून घ्यायचे आणि तिथे पोचवायचे, वाटेत थांबून माणसं भरायची नाहीत, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या कुठल्याही महामार्गावरच्या फाट्यावर काय चालतं, ते सगळ्यांना माहीत आहे. प्रवाशाला गाडी हवी असते, गाडीला प्रवासी हवा असतो, आणि दोघांची गाठ कायद्याच्या बाहेर पडते. एप्रिल २०१८ मध्ये राज्य सरकारने खासगी बसचं भाडं एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त असू नये असा आदेश काढला. दिवाळी आली की या आदेशाचं काय होतं, हे पुण्याहून विदर्भात परतणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारावं.

एसटीचा हिशेब निराळा आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. विद्यार्थ्यांचे पास आहेत. या सवलतींचा पैसा राज्य सरकारने महामंडळाला भरून द्यायचा असतो, आणि तो वेळेवर आला नाही की चालक-वाहकांचे पगार अडतात. ट्रॅव्हल्सवाल्यावर असलं ओझं नाही. त्याने भरलेल्या सीटचा पैसा मोजायचा. गाडी स्वच्छ, वेग चांगला, पण रात्री साडेदहाला एकट्या प्रवाशासाठी ती सुटणार नाही, आणि समुद्रपूर तालुक्याच्या आडगावात तर दुपारीही जाणार नाही. तिने जावं अशी अपेक्षा ठेवणंही चूक. तोट्याची फेरी चालवण्याचे पैसे तिला कोणी देत नाही. एसटीलाही ते पुरेसे मिळत नाहीत, तरी ती जाते.

या दोन हिशेबांची खरी परीक्षा २०२१ च्या दिवाळीत झाली. एसटी कर्मचाऱ्यांनी महामंडळाच्या राज्य सरकारमधल्या विलीनीकरणासाठी संप पुकारला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. सरकारने खासगी गाड्यांना प्रवासी वाहतुकीची तात्पुरती मुभा दिली, एसटी स्थानकांतून ट्रॅव्हल्स सुटू लागल्या. मोठ्या शहरांच्या दरम्यान माणसं पोचली, जास्त पैसे मोजून का होईना. खेड्यातल्या शाळकरी मुली मात्र घरी बसल्या. खासगी गाडी कुठे कामाची आणि कुठे नाही, याचा इतका ठळक नकाशा एरवी कोणी काढून दिला नसता.

विदर्भाने हे चक्र आधीही पाहिलं आहे. स्वातंत्र्यापूर्वी इथली मोटार वाहतूक खासगी मालकांच्या आणि कंपन्यांच्या हाती होती. पुढे ती सरकारने घेतली आणि नागपूरच्या प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेसकडे आली. तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भाची आणि मराठवाड्याची सेवा तिच्यात मिसळली, आणि महाराष्ट्र झाल्यावर आजचं महामंडळ उभं राहिलं. राष्ट्रीयीकरणामागचं कारण तत्त्वज्ञानाचं कमी आणि गैरसोयीचं जास्त होतं. खासगी मालक फायद्याच्या रस्त्यावर एकमेकांवर कुरघोडी करत आणि उरलेल्या मुलखाकडे फिरकत नसत.

आज तेच महामंडळ पुन्हा खासगी मालकाकडे वळलं आहे, पण वेगळ्या रीतीने. २०१७ मध्ये शिवशाही आली. तिच्यातल्या बऱ्याच गाड्या भाड्याच्या होत्या, गाडी आणि चालक ठेकेदाराचा, वाहक एसटीचा. २०२३ मध्ये ५,१५० विजेवरच्या बसगाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा मोठा करार झाला. गाड्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत आणि विषय विधिमंडळापर्यंत गेला. नव्या गाड्या विकत घ्यायला पैसे नाहीत, जुन्या रस्त्यात बंद पडतात, आणि ठेकेदाराच्या गाडीसाठी आज काही भरावं लागत नाही, उद्या किलोमीटरमागे द्यावं लागतं. देशभरातल्या अनेक शहर बससेवांनी हाच मार्ग धरला आहे.

जामहून नागपूरची वाट सरळ आहे. दोन्हीकडे कापूस, सोयाबीन, मधूनच जिनिंगचे शेड आणि ढाबे. नागपूर जिल्ह्यात शिरल्यावर बोरखेडीचा टोलनाका लागतो. रस्त्यांमध्ये खासगी पैसा सहज आला, याचं उत्तर इथे दिसतं. टोल भरल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. वसुली रोजची आणि जवळपास खात्रीची. ज्याने रस्त्यात पैसे घातले त्याला ते कसे परत मिळणार, हे फाटकावर दिसतं. शहरातल्या बसला आणि मेट्रोला असं फाटक नसतं. तिकीट महाग केलं की प्रवासी दुचाकी काढतो. विदर्भात तर घरटी दुचाकी आहे. म्हणून जगातल्या बहुतेक शहरांत तिकिटाच्या पैशांतून सार्वजनिक वाहतुकीचा पूर्ण खर्च निघत नाही, उरलेला कोणीतरी भरावा लागतो. खासगी सहभागाच्या सगळ्या करारांचं मर्म या 'कोणीतरी'मध्ये आहे.

बुटीबोरी आली की रस्त्यावर तिसऱ्याच जातीच्या बसगाड्या दिसू लागतात. पाळी बदलताना औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांच्या गाड्या कामगारांना घेऊन नागपूरकडे सुटतात. ही खासगी पैशावर चालणारी शुद्ध सेवा. कंपनी पैसे देते, ठेकेदार गाडी देतो, कामगार फुकट किंवा थोड्या पैशांत जातो. व्यवस्था चोख असते, कारण गाडी उशिरा आली तर यंत्र थांबतं आणि कंपनीचं नुकसान होतं. पण त्या गाडीत कंत्राटी सफाई कामगार बाई, चहाची टपरी चालवणारा किंवा कामगाराचं कुटुंब यांना जागा नाही. रिकाम्या खुर्च्या असल्या तरी नाही.

याच बुटीबोरीपर्यंत नागपूर मेट्रो येते आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. एकूण ४३.८ किलोमीटर आणि खर्च सुमारे ६,७०८ कोटी रुपये. त्यातला मिहान ते बुटीबोरी औद्योगिक वसाहत हा भाग साधारण साडेअठरा किलोमीटरचा. महामार्गाच्या कडेने काम चालू आहे. जामच्या माणसाला याचा अर्थ सरळ कळतो. बुटीबोरीपर्यंत पोचलं की पुढच्या शहरी प्रवासाला वेळेची हमी. पण जाम ते बुटीबोरी हा तुकडा कोण चालवणार, हे मेट्रोच्या आराखड्याच्या बाहेर राहतं.

सध्या मेट्रो धरायची तर खापरीला उतरावं लागतं. ७ मार्च २०१९ रोजी खापरी-सीताबर्डी मार्ग सुरू झाला आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी सुमारे ३८ किलोमीटरचा पहिला टप्पा पूर्ण झाला. खापरी, न्यू एअरपोर्ट, एअरपोर्ट साऊथ अशी स्थानकं जमिनीलगत लागतात, मग रूळ वर चढतात. उज्ज्वल नगर, जयप्रकाश नगर आणि छत्रपती नगर या तीन स्थानकांदरम्यान वर्धा रोडवर दुमजली पूल आहे. सर्वांत खाली जुना रस्ता, मधे महामार्गाचा उड्डाणपूल, सर्वांत वर मेट्रो. ३.१४ किलोमीटरच्या या पुलाची गिनीज बुकात नोंद झाली. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि नागपूर मेट्रो चालवणारी महामेट्रो यांनी एकाच खांबावर दोघांचं ओझं ठेवलं, त्यामुळे जागा वाचली आणि खर्च वाटला गेला. दोन सरकारी यंत्रणांनी एकमेकींशी बोलून काम केलं तर किती पैसे वाचू शकतात, याचं हे उदाहरण खासगी सहभागाच्या चर्चेत फारसं कोणी घेत नाही. ते घ्यायला हवं.

नागपूर मेट्रो खासगी नाही. महामेट्रो ही केंद्र आणि राज्य यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी. पहिल्या टप्प्याचा खर्च ८,६८० कोटी रुपये. त्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेने ५० कोटी युरो आणि फ्रान्सच्या एएफडीने १३ कोटी युरो कर्ज दिलं. खासगी हात येतात ते कडेकडेने. डबे पुरवठादाराने बनवले, स्थानकांच्या छपरांवर खासगी कंपनीने स्वतःच्या खर्चाने सौर पट्ट्या बसवायच्या आणि मेट्रोने ती वीज ठरल्या दराने घ्यायची अशी सोय केली, स्थानकांतले गाळे, जाहिराती, स्थानकाला ब्रँडचं नाव जोडण्याचा हक्क भाड्याने दिला. शिवाय मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार आहे आणि मार्गालगत जादा चटई क्षेत्र देऊन मिळणारं अधिमूल्य आहे. म्हणजे मेट्रोजवळ फ्लॅट बांधणारा, विकत घेणारा, त्या भागात जमीन असणारा हाही मेट्रोचा खर्च उचलतो. हे न्याय्य आहे. मेट्रोमुळे ज्याच्या जागेचा भाव वाढला, त्याने वाढीतला थोडा वाटा परत द्यावा. हाँगकाँगच्या एमटीआरने स्थानकांवरच्या आणि भोवतालच्या बांधकामांतून रेल्वे उभी करण्याचा पैसा काढला, त्याचंच हे लहान रूप.

खासगी कंपनीच्या हाती पूर्ण मेट्रो दिली तर काय होतं, हे पाहायला जामच्या चौकातून उलट दिशेला, हैदराबादला जावं लागेल. तिथली कहाणी चटका लावणारी आहे. २००८ मध्ये मायटास या कंपनीने त्या मेट्रोसाठी अशी बोली लावली की सरकारकडून एक पैसा नको, उलट आम्हीच करारकाळात ३०,३११ कोटी रुपये सरकारला देऊ. सरकार हरखलं. काही महिन्यांतच, जानेवारी २००९ मध्ये, त्याच घराण्याच्या सत्यम कंपनीतला घोटाळा उघडकीला आला आणि तो करार रद्द झाला. २०१० मध्ये एल अँड टी आली, ३५ वर्षांच्या करारावर, केंद्राच्या १,४५८ कोटींच्या तूट-अनुदानासह. हिशेब असा मांडला होता की निम्मं उत्पन्न तिकिटातून आणि जवळजवळ तितकंच २६९ एकर जागेवरच्या बांधकामांतून येईल. नोव्हेंबर २०१७ मध्ये गाडी धावू लागली, पुढे जाळं ६९ किलोमीटरचं झालं, प्रवाशांनी तिला आपलं मानलं. तरी बांधकामांचा बाजार अपेक्षेसारखा चढला नाही, कोविडने डबे रिकामे केले आणि कर्जाचं व्याज चढत राहिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तेलंगण सरकारने हा पहिला टप्पा कर्जासकट आपल्याकडे घेण्यास तत्त्वतः संमती दिली. गाडी उत्तम, बांधणी उत्तम, फसला तो करार.

मुंबईत वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर या पहिल्या मेट्रोचं दुखणं थोडं वेगळं. लांबी ११.४ किलोमीटर, स्थानकं बारा. सुरुवातीला रिलायन्स इन्फ्राचे ६९ टक्के, एमएमआरडीए या सरकारी प्राधिकरणाचे २६ टक्के, परदेशी भागीदाराचे ५ टक्के. सरकारी तूट-अनुदान ६५० कोटी. ८ जून २०१४ ला पहिली गाडी सुटली आणि त्याच दिवसांत भाड्यावरून कोर्टबाजी सुरू झाली. करारात ठरलेलं भाडं ९ ते १३ रुपयांचं. कंपनी म्हणाली, बांधकामाला उशीर झाला, खर्च जवळपास दुप्पट झाला, आणि केंद्राच्या मेट्रो कायद्याप्रमाणे पहिलं भाडं ठरवण्याचा हक्क आमचा. भाडं १० ते ४० रुपये झालं. २०१५ मध्ये भाडे निश्चिती समितीने तर ११० रुपयांपर्यंतची शिफारस केली, ती उच्च न्यायालयाने आधी रोखली आणि २०१७ मध्ये रद्द केली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कंपनीचा हिस्सा ४,००० कोटींना विकत घ्यायचं ठरवलं, जूनमध्ये तो निर्णय मागे घेतला. या सगळ्या काळात अंधेरीच्या जिन्यावर माणूस माणसाला चिकटून चालत होता. त्याला मेट्रो हवीच होती आणि आजही हवी आहे. पण भाडं कोण ठरवणार, हा प्रश्न करार आणि कायदा यांच्या फटीत राहून गेला, आणि त्याची किंमत दहा वर्षं मोजावी लागली.

राज्यात आता पुण्याच्या हिंजवडी-शिवाजीनगर मार्गावर टाटा आणि सीमेन्स यांच्या कंपनीकडे असाच सुमारे २३ किलोमीटरचा, आठ हजार कोटींहून मोठा प्रकल्प आहे. मुंबई आणि हैदराबादचे धडे त्या करारात किती उतरले, हे पुढच्या काही वर्षांत कळेल.

सीताबर्डी. दोन मार्गिका जिथे एकमेकींना छेदतात ते हे स्थानक. बाहेर पडून थोडं चाललं की मोर भवन, शहर बसचं मुख्य ठाणं. इथे खासगी सहभागाचा नागपुरी इतिहास लाल रंगात उभा असतो.

पूर्वी नागपूरची शहर बस एसटी चालवायची. २००७ मध्ये महापालिकेने ती आपल्याकडे घेतली आणि एका खासगी कंपनीला दिली. 'स्टार बस' या नावाने ती नागपूरकरांच्या लक्षात आहे. बस कंपनीने चालवायची आणि तिकिटाचा पैसा कंपनीने घ्यायचा, अशी ती पद्धत. अशा पद्धतीत कंपनी काय करेल ते सांगायला ज्योतिषी नको. गर्दीच्या मार्गावर गाड्या वाढतात, कमी गर्दीच्या वस्तीतून गायब होतात, आणि तिकिटातून भागत नाही म्हणून देखभालीला कात्री लागते. खटारा गाड्या, तुटलेल्या काचा, महापालिका आणि कंपनी यांच्यातले वाद यांत ती वर्षं गेली. डिसेंबर २०१६ मध्ये नवी व्यवस्था आली, 'आपली बस'. तीन ठेकेदारांना लाल गाड्या चालवायला दिल्या. पैसे किलोमीटरमागे, तिकिटाचं उत्पन्न महापालिकेचं. तिकीट वसुलीवर देखरेखीसाठी वेगळी कंपनी नेमली.

तत्त्वतः ही पद्धत पहिलीपेक्षा पुष्कळ चांगली. मार्ग आणि भाडं लोकनियुक्त संस्थेने ठरवायचं, गाडी चालवायचं काम ठेकेदाराने करायचं. पण यात एक अट असते, तिच्याविना सगळं कोसळतं. ठेकेदाराचं बिल वेळेवर मिळालं पाहिजे. नागपूरची महापालिका पैशाने अडचणीत, बिलं थकली, ठेकेदारांनी गाड्या उभ्या केल्या, चालक-वाहकांनी किमान वेतनासाठी संप केले, आणि हे पुनःपुन्हा घडलं. सगळ्यांत वाईट वाटतं ते हिरव्या बसचं. ऑगस्ट २०१४ मध्ये नागपुरात इथेनॉलवरची बस चाचणीसाठी धावली, देशात त्याची वाखाणणी झाली. स्कॅनियाच्या त्या वातानुकूलित गाड्या पुढे नियमित सेवेत आल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये थकबाकी आणि करांच्या वादात त्या बंद पडल्या. ज्या भागात ऊस आणि धान्यापासून इंधन करण्याची स्वप्नं बोलली जातात, तिथेच त्या इंधनावरची बस बिलं मिळेनात म्हणून थांबली. गाडीत दोष नव्हता, इंधनात नव्हता. महिन्याचे पैसे महिन्याला देण्याची शिस्त नव्हती.

मार्च २०२३ मध्ये पुण्यात पीएमपी या शहर बससेवेच्या ठेकेदारांनी थकबाकीसाठीच गाड्या बंद केल्या होत्या. मुंबईच्या बेस्ट या पालिकेच्या बससेवेची अवस्था आणखी बिकट झाली. ९ जुलै २०१९ ला बेस्टने किमान भाडं ५ रुपयांवर आणलं, प्रवासी वाढले, सगळ्यांनी कौतुक केलं. त्याच वेळी संघटनांशी झालेल्या करारात ३,३३७ स्वतःच्या बस राखण्याचं ठरलं होतं आणि बाकी वाढ भाड्याच्या गाड्यांनी करायची होती. प्रत्यक्षात २०२५ पर्यंत स्वमालकीच्या गाड्या हजाराच्या खाली आल्या. २०२२ मध्ये एका ठेकेदाराने परवडत नाही म्हणत काम सोडलं आणि पावणेतीनशेच्या आसपास छोट्या गाड्या रस्त्यावरून गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ठेकेदारांच्या चालकांनी संप केला, कारण बेस्टच्या चालकाच्या शेजारी बसून तेच काम करणाऱ्याला पगार कितीतरी कमी. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात भाड्याच्या विजेवरच्या बसने गर्दीत माणसं चिरडली, किमान सात जीव गेले, आणि अशा गाड्यांवरच्या चालकांना प्रशिक्षण किती दिलं जातं हा प्रश्न साऱ्या शहराने विचारला. मे २०२५ मध्ये किमान भाडं दुप्पट, १० रुपये झालं.

गंमत अशी नाही, दुःख असं आहे की मुंबईने हा धडा दीडशे वर्षांपूर्वीच गिरवला होता. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्राम धावली, ती खासगी बॉम्बे ट्रामवे कंपनीची. भाडं तीन आणे, पुढे कमी झालं. पण पालिकेने करारातच ठरावीक वर्षांनी ट्राम विकत घेण्याचा हक्क राखून ठेवला होता. १९०५ मध्ये बेस्ट कंपनी आली, १९०७ मध्ये विजेची ट्राम, १५ जुलै १९२६ रोजी बस. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, महापालिकेने बेस्ट आपल्या ताब्यात घेतली. पुढे अनेक दशकं बेस्टच्याच वीजपुरवठ्याच्या नफ्यातून बसचा तोटा भरला गेला. खासगी भांडवलाने सुरुवात झाली, पण परतीचं दार उघडं ठेवलं होतं. त्या काळातल्या पालिकेला जे सुचलं, ते आजच्या करारांत का नसतं?

परदेशातही उत्तर एकच नाही. लंडनमध्ये १९८५ पासून बसच्या मार्गांच्या निविदा निघू लागल्या, गाड्या खासगी कंपन्या चालवतात, पण मार्ग, वेळापत्रक, भाडं आणि लाल रंग हे सगळं सार्वजनिक संस्थेचं. लंडनबाहेर १९८६ पासून मोकळीक दिली, ज्याला हवा तिथे त्याने बस चालवावी. मँचेस्टरने साडेतीन दशकांहून अधिक काळ त्याचा अनुभव घेतला, आणि सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने सगळ्या बस पुन्हा शहराच्या नियंत्रणाखाली आणल्या. चालवणाऱ्या कंपन्या तिथे आजही खासगीच आहेत. बदललं ते एवढंच की कुठे आणि किती वेळा गाडी जाणार, हे शहर ठरवतं.

भारतात केंद्राने थकबाकीच्या दुखण्यावर एक उपाय काढला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा योजना मंजूर झाली. शहरांना खासगी भागीदारीतून दहा हजार विजेवरच्या बस द्यायच्या, त्यासाठी २०,००० कोटींचं केंद्रीय साहाय्य. सप्टेंबर २०२४ मध्ये तिला जोडून ३,४३५ कोटींची देयक-हमी योजना आली. महापालिकेने ठेकेदाराचे पैसे दिले नाहीत तर हमीच्या निधीतून ते दिले जातील आणि नंतर राज्याच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून वळते होतील. या यादीत नागपूरही आहे. उपाय चांगला आहे. ठेकेदाराला धास्ती राहणार नाही, त्यामुळे दरही उतरतील. मात्र यात हमी मिळाली ती गाडीवाल्याला. गाडी वेळेवर आली नाही, रात्रीची फेरी रद्द झाली, अपंगांचा रॅम्प उघडला नाही, तर प्रवाशाला काय मिळणार, यावर अशीच भक्कम तरतूद अजून व्हायची आहे.

नागपूर विभागात खासगी भागीदारीची आणखी एक कल्पना घोळत राहिली आहे. २०१८ मध्ये रेल्वे, राज्य आणि महामेट्रो यांनी ब्रॉडगेज मेट्रोचा करार केला. नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोडकडे रेल्वेच्या जुन्या रुळांवर मेट्रोसारख्या गाड्या धावाव्यात, आणि डबे खासगी उद्योजकांनी विकत घेऊन चालवावेत, असा विचार मांडला गेला. कल्पनेत दम आहे, कारण रूळ आहेत आणि प्रवासीही आहेत. जाम मात्र त्या नकाशावर येत नाही, रुळाशिवाय येणारही नाही. महामार्गावरच्या अशा गावांना बसखेरीज गत नाही, आणि ती बस कुठल्या तरी करारानेच येणार आहे.

बुटीबोरीचं मेट्रो स्थानक उघडेल तेव्हा तिथून जाम, समुद्रपूर, हिंगणघाटकडे जोडबस लागेल. ती एसटी चालवो की खासगी ठेकेदार, करारात चार गोष्टी हव्यात. मार्ग आणि भाडं सार्वजनिक संस्थेचं असावं. एसटीच्या सवलती त्या गाडीतही लागू असाव्यात. चालकाला कायम कर्मचाऱ्याच्या तोडीचा पगार आणि त्या विशिष्ट गाडीचं प्रशिक्षण मिळावं. आणि फेरी चुकली तर ठेकेदाराचे पैसे कापले जावेत, तेही आपोआप, अर्जविनंत्यांविना. या अटींवर खासगी पैसा आला तर त्याचं स्वागत करावं. त्या नसतील तर तो करार होऊ देऊ नये.

असे करार ठराव होण्याआधी महापालिकेच्या सभेत, परिवहन समितीत आणि महामंडळाच्या बैठकीत येतात. झालेले करार २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात. वर्धा आणि नागपूर जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींनी, कामगार संघटनांनी, महाविद्यालयांच्या विद्यार्थी मंडळांनी ते मागावेत, वाचावेत आणि पुढचा करार होण्याआधी आपल्या अटी लेखी कळवाव्यात.